खालून पाहायचं चित्र

शापूरबाब गेले हे मला आईने फोनवर सांगितलं. मी डिचोलीला शाळेत शिकवते, तेव्हा तिथेच होते. “इराणीबाब गेले गो...” एवढंच ती बोलली. त्याला आता काही आठवडे झाले. ज्यांची चित्रं जगभरच्या संग्रहालयांत आहेत, त्यांच्याविषयी कोरगावच्या काजूबागेत राबणाऱ्यांच्या मुलीने काय लिहावं? पण एक गोष्ट आमच्याच घरात घडली, ती सांगायला हवी.

ते आमच्या शेजारचं घर भाड्याने घेऊन राहिले होते. आई त्यांचं जेवण करायची. घरातली कॉलेजात गेलेली पहिली मीच. माझं इंग्रजी सुधारावं म्हणून ते मला समोर बसवून आपल्या चित्रांची जुनी पुस्तकं दाखवत. तरुणपणी तेहरानमध्ये त्यांनी नुसती फारसी अक्षरं रंगवली होती. शब्द नाहीत, अर्थ नाही. निळ्यावर सोनेरी अक्षरांची दाटी, जणू सगळा गाव एका सुरात काही म्हणतोय. त्यांचं नाव झालं ते त्यामुळे. देश सुटल्यावर अक्षरांचे नुक्ते, म्हणजे वरखालचे ठिपके, गळाले, मग वळणं गेली, शेवटी मोठ्या करड्या पटावर एकच रेघ उरली. ज्या अक्षरांनी कीर्ती दिली तीच माणूस अशी सोडून देऊ शकतो, हे पाहून मी थक्क व्हायचे. आणि त्या रेघेनंतर... काहीच नाही. कोरगावला आले तेव्हा कित्येक वर्षं त्यांनी ब्रश धरला नव्हता. चित्रं विकणारे अजून अक्षरंच मागत. ते मला म्हणाले, “ती आता माझा हात आपोआप काढतो. मी तिथे नसतोच.”

एका चवथीला आम्ही त्यांना घरी बोलावलं. गणपतीच्या डोक्यावर माटोळी टांगली होती : लाकडी चौकटीला बांधलेले नारळ, सुपारीचे घड, लिंबासारखी मोठी तोरंजनं, रानातली लाल कांगलांची फळं. शापूरबाब मान वर करून तिच्याकडे बघतच राहिले. “बाब, मान मोडतली हां!” वडील हसून म्हणाले. दुसऱ्या दिवशी शापूरबाबांनी आपल्या व्हरांड्यात जमिनीवर कॅनव्हास अंथरला. अक्षर नाही, रेघ नाही; हिरवे, पिवळे, लाल गोळे आणि त्यांच्यामधला काळोख. काही दिवसांत चित्र झालं, पण त्यांचा चेहरा उतरला. “फळं लोंबत नाहीत. आता पुन्हा नाही,” म्हणाले, आणि चित्र आईला देऊन टाकलं.

त्याच संध्याकाळी मी कॉलेजातून आले तर आईने ते घराच्या वाशांना आडवं टांगलेलं, रंगवलेली बाजू खाली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “आई, चित्र भिंतीवर लावतात!”

“माटोळी भिंतीर कोण लावता गो?”

तेवढ्यात शापूरबाब दारात. त्यांनी वर पाहिलं आणि सारवलेल्या जमिनीवर सरळ उताणे पडले. भोवळ आली समजून वडील पाणी आणायला धावले. ते मात्र हसत होते. “लोंबतायत,” म्हणाले. “आता लोंबतायत!”

त्यानंतर शेवटपर्यंत त्यांनी फक्त डोक्यावर टांगायची चित्रं केली. जाणकार त्यावर मोठमोठे लेख लिहीत. शापूरबाब प्रत्येकाला माझ्या आईचं नाव सांगायचे. लोकांना ती थट्टा वाटायची.

गेल्या आठवड्यात त्यांची मुलगी परदेशातून आली. त्यांच्या खोलीतलं शेवटचं चित्र उतरवायला माणसं शिडी घेऊन आली होती. तिने मला विचारलं, “बाबांना इथे खरंच पुन्हा रंगवावंसं वाटायचं? की नुसते दिवस काढत होते?”

मी आईला मराठीत सांगितलं. आईला प्रश्नच कळेना. “दिवस काढीत? अगो, तिका सांग, मी ताट घेवन दारात उभी, आणि बाब जमनीर आडवे पडून वर बघतत! हाका मारून मारून माझो घसो बसायचो.”

मी हे इंग्रजीत सांगून संपवेपर्यंत ती मुलगी चित्राखाली आडवी झाली होती. माणसांनी शिडी उचलली, तशी आई त्यांच्यापुढे हात आडवा करून हळूच म्हणाली, “रावा मातशें, तिका बघूं दे.”