मारोतीची दुसरी हाक

फुलसावंगीच्या बसस्टॉपसमोर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून हसायचं असेल तर खुशाल मला हसा, मारोतीला हसू नका.

मारोती फवारणीच्या मजुरीला जायचा. अंगाने काटकुळा, उंचीने बेताचा, चार माणसांत उभा राहिला तर पाचव्याच्या लक्षात येऊ नये असा. पण देवाने सगळी भरपाई गळ्यात करून ठेवली होती. त्याची हाक नाल्यापलीकडच्या वावरात स्वच्छ ऐकू जायची. कापसाची पराटी डोक्यावर गेली की आत शिरलेला माणूस बाहेरच्याला दिसत नाही आणि बाहेरचा त्याला दिसत नाही. मग सगळं काम हाकांवर चालतं. पाठीवरचा पंप रिकामा झाला की मारोती कापसातून ओरडायचा, "सत्येऽ! ओ सत्येऽऽ!" धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पाण्याचा ड्रम घेऊन बसलेली त्याची बायको सत्यभामा "ओऽ" द्यायची. त्या ओच्या रोखाने तो पराटीचा तास, म्हणजे ओळ, तुडवत बाहेर यायचा.

हाक मात्र दोनदा मारायची. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. भर दुपारी वावरातून एकच हाक आली तर ओ द्यायची नाही. जिवंत माणूस दुसऱ्यांदा हाक मारतो. ज्याची एकच येते, तो जिवंतातला नसतो. मी याला अडाणीपणा म्हणतो, पण एका हाकेला ओ मीसुद्धा देत नाही.

बोंडअळीने कापूस खाल्ला, त्याच वर्षीच्या जूनमधली गोष्ट. तेव्हा मला एक खूळ लागलं होतं. बाहेरच्या सिनेमांवर आपली वऱ्हाडी बोली चढवायची आणि लोकांच्या मोबाईलमध्ये भरून द्यायची. त्यात समुद्री चाच्यांचं एक कार्टून हाती लागलं. चाच्यांचा कप्तान अर्थातच मी झालो, दुकान माझं होतं. बाकीची पात्रं ओळखीपाळखीत वाटली. शेवटी एकच उरलं: जहाजाच्या डोलकाठीवर चढून बसलेला, फाटक्या टोपीचा टेहळ्या. जहाज धुक्यात शिरतं तेव्हा तो एकदाच ओरडतो. मग धुकं त्याला गिळतं आणि उरलेल्या सिनेमात त्याची चौकशीही कोणी करत नाही. एवढ्याशा पार्टासाठी मी पाणी प्यायला थांबलेल्या मारोतीला आत ओढलं.

त्याने तो तुकडा तीनदा पाहिला. "भाऊ, याले पुढं कोनी धुंडत नाई काय?"

"नाई. छोटा पार्ट हाय."

"घरी बायको तं असंन ना त्याची."

"असंन. तू नाव घे कोनाचंबी."

मारोतीने डोळे मिटले आणि हाक मारली. सत्येऽ! ओ सत्येऽऽ! शोकेसची काच थरथरली. आवाज नंबर एक होता, पण चित्रातल्या टेहळ्याचं तोंड एकदाच उघडत होतं. दुसरी हाक नुसत्या धुक्यावर पडत होती. मी ती कापली. पहिल्या हाकेमागे माझ्या टेबलफॅनची घरघर आली होती, ती काही केल्या जाईना, म्हणून तशीच ठेवली.

मारोतीने ते ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. "एकच काहून ठेवली भाऊ? एक हाक चांगली नाई."

"अबे, चित्राचं तोंडच एकदा उघडते, त्याले मी काय करू?"

तो हसला, पण चहा न घेताच निघून गेला. कापलेला तुकडा मी त्याच दिवशी पुसून टाकला. कारागिरीची मोठी घमेंड होती ना मला.

सिनेमा गावभर झाला. ज्याच्या त्याच्या मोबाईलमधून मारोती बायकोला हाक मारू लागला. लोक सत्यभामेला चिडवायचे आणि ती पदराआड हसायची.

सप्टेंबरात पराटी कधी नव्हे इतकी वाढली. उन्हाची काहिली होती, वारा पडला होता, विषारी औषधाचा फवारा माणसाच्या डोक्यावरून उडत त्याच्याच तोंडावर येत होता. त्या दुपारी सत्यभामा नेहमीसारखी धुऱ्यावर होती. आतून हाक आली. "सत्येऽ." ती उठली, ओ तोंडात आली आणि तिथेच थांबली. दुसरी हाक यायची होती. तिला वाटलं, शेजारच्या वावरात कोणी सिनेमा लावला असेल. किती वेळ ती तशी उभी राहिली, हे तिने कधीच सांगितलं नाही. मग ती आत धावली आणि पराटीचा एकेक तास शोधत सुटली. मारोती पंपासकट पालथा पडला होता. दुसऱ्या हाकेपुरता श्वास त्याच्यात राहिला नव्हता. तिसऱ्या दिवशी तो गेला.

दिवाळीनंतर ती दुकानात आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"प्रफुल्लभाऊ, त्याईची दुसरी हाक द्या मले."

"वहिनी, ते तं पुसली मी."

"रोज दुपारी वावरातून हाक येते. एकच येते. मी वाट पाहून राह्यते, पन दुसरी येतच नाई."

कोणाचा तरी मोबाईल वाजत असेल, असं मी समजावलं. तिचं समाधान होईना, तेव्हा मी एक हुशारी केली. पहिलीच हाक दोनदा जोडून तिला ऐकवली. तिने मान हलवली. "हे पयलीच हाय. दुसरीत त्याईले दम लागलेला राहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पुढे म्हणाली, "त्या दिवशी मी ओ देली नाई. आताबी नाई देली तं ते तिथंच पराटीत उभे राह्यतीन. अन् देली तं जातीन. मंग आवाजबी जाईन. माह्यापाशी तेवढंच उरलं हाय. काय करू, सांगा."

मी फक्त म्हणालो की उद्या सोबत येतो. मनात होतं, पोरांचा एखादा मोबाईल पकडून दाखवू आणि हे भूत एकदाचं उतरवू.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास आम्ही त्याच वावराच्या धुऱ्यावर उभे राहिलो. मी माझा फोन बंद केला, तिने तिचा घरीच ठेवला होता. अळीने खाल्लेली बोंडं झाडावरच काळी पडली होती, म्हणून वेचणीलाही कोणी नव्हतं. चहूकडे चिटपाखरू नव्हतं. सत्यभामेने पाण्याचा लोटा आणला होता.

"सत्येऽ."

वावराच्या मध्यातून आली. हाकेमागे टेबलफॅनची घरघर नव्हती. माझ्या सिनेमाची प्रत जगात कुठेही वाजली तरी तिच्यात ती घरघर असते. ही हाक कोणत्याही मोबाईलमधली नव्हती.

सत्यभामेने माझ्याकडे पाहिलं. "तुमीच तोडली भाऊ. तुमीच जोडा."

दुसऱ्याच्या बायकोला अशी हाक मारायची म्हणजे काय? पण ती पराटीकडे डोळे लावून थांबली होती, जशी त्या दिवशी थांबली असेल. मी छातीत होतं नव्हतं ते सगळं एकवटलं. "ओ सत्येऽऽ!" भीतीने माझा आवाज फाटला आणि शेवटी शेवटी दमच संपला.

तिने डोळे मिटले.

"ओऽऽ!"

अशी ओ मी आयुष्यात ऐकली नाही. आत पराटी हलली. वारा नव्हता. एकच तास हलत होता, पंप घेऊन माणूस बाहेर येताना हलतो तसा. झाडं एकेक करून बाजूला होत आमच्याकडे आली. धुऱ्यालगतचं शेवटचं झाड हललं आणि थांबलं. समोर कोणी नव्हतं. सत्यभामेने लोटा त्या झाडापाशी हळूच उपडा केला आणि माती सगळं पाणी प्यायली.

पाच वाजता ती दुकानात आली. "लावा," म्हणाली.

मी सिनेमा लावला. जहाज धुक्यात शिरलं. डोलकाठीवरच्या टेहळ्याने तोंड उघडलं. माझ्या टेबलफॅनची घरघर ऐकू आली. हाक आली नाही. मी स्पीकर बदलला, दुसरी प्रत लावली, तिसरी लावली. तो तोंड उघडायचा आणि मिटायचा, बस.

"वहिनी," मी म्हणालो, "आवाज गेला."

"जाईनच." ती पडद्यावरच्या त्या फाटक्या टोपीकडे बघत होती. "ओ आयकू गेली त्याईले."

मग ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि मारोती गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली.