पाचवा महिना की सातवा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवासमोर हात जोडते, तिथेही दुसरंच काहीतरी पुटपुटून उठते. तुम्ही अनोळखी, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीय.

मी मिरकरवाडा बंदरावर मासळीचा धंदा करते. नवरा लवकर गेला. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरले, तिथून सुरुवात. आज माझा स्वतःचा टेम्पो आहे, माल पालीच्या बाजारापर्यंत जातो. लिलावात मी उभी राहिले की भलेभले जीभ आवरतात. माझा राग सगळ्या बंदराला ठाऊक आहे. पण राग निदान दिसतो. मनातली अढी कोणाला दिसते? ती आंब्याच्या अढीसारखीच — गवताखाली झाकलेली, आणि आतल्या आत पिकत राहते.

माझी अढी होती सुनेच्या भावाबद्दल. सून मयुरी, भाऊ संकेत. तो दापोलीला सरकारी नोकरीत. लग्नाच्या बोलणीत मानपानावरून मी जरा ताणून धरलं होतं. धरते मी, सवय आहे. तर हा पोरगा सगळ्यांदेखत हसत म्हणाला, ‘‘काकी, बोली लावताय की काय? हे बंदर नाय, आमचं घर आहे.’’

दोन्हीकडची माणसं हसली. माझा मुलगा हसला. मीही हसले. पण त्या दिवसानंतर त्याने मला वाकून नमस्कार केला तरी मला ते हसूच ऐकू यायचं.

मग ओवी झाली, माझी नात. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे मयुरी तिला घेऊन घरी आली तेव्हा ओवीला चौथा महिना लागला होता. मुलगा बोटीवर. घरात आम्ही तिघीच. मयुरी तिला फक्त अंगावर पाजायची. पोर गुटगुटीत होती — हे मुद्दाम सांगते. अशक्त होती, रडत होती, म्हणून मी काही केलं, असं तुम्ही समजू नये.

आमच्यात बाळाला पहिला घास मामा भरवतो. मुलगी असेल तर उष्टावण पाचव्या महिन्यात, नाहीतर सातव्यात. मी म्हटलं, पाचव्यात करू. संकेतचा फोन आला. सहा महिने पुरे होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. सातव्यातच करू, मी वाटी-चमचा घेऊन येतो. मी म्हटलं, माझा मुलगा चौथ्या महिन्यात पेज प्यायला, आज बोटीवर आहे. तो म्हणाला, ‘‘तुमची गोष्ट वेगळी होती, काकी.’’

वेगळी होती. किती वेगळी, हे त्याला काय माहीत? लिलावात उभी असताना माझा पान्हा फुटून चोळी भिजायची आणि मी पदर ओढून भाव बोलायचे. घरी शेजारीण माझ्या मुलाला पेज भरवत असायची. मी हौसेने का सोडून गेले होते त्याला? — पण बघा, ही मी पळवाट काढतेय. हे दुःख खरं आहे, पण पुढे जे केलं ते या दुःखातून केलं नाही.

मयुरी हळूच म्हणाली, ‘‘आई, दोनच महिन्यांचा तर प्रश्न आहे.’’ मी म्हटलं, बरं. माझं एवढं चटकन ‘बरं’ ऐकून बंदरावरची माणसं सावध झाली असती. ती बिचारी खूश झाली.

पाचवा की सातवा — या सौद्यात मी हरले होते. आणि मला हरता येत नाही.

ते मे महिन्याचे दिवस. दुपारी ओवीला पाजून मयुरी आडवी व्हायची. मी बंदरावरून आलेली असायचे. मी म्हणायचे, नीज गो बाय, मी बघते हिला. आणि ओवीला घेऊन मागच्या पडवीत बसायचे. नाचणीची पातळ पेज, गूळ घातलेली. पहिल्या दिवशी बोटाने चाटवली. आधी तिने तोंड वाकडं केलं. मग चोखलं. नुकतीच दूध प्यायली होती, ओठाच्या कडेला दूध होतं — ते पदराने पुसलं आणि त्या जागी पेज लावली. आणि मी तिला म्हटलं, अगदी लाडात म्हटलं, ‘‘घे गो माझ्या सोन्या. गेला मामाचा मान.’’

हेच ते. भूक नव्हती, माया नव्हती. एवढ्याशा पोरीच्या तोंडात मी माझी अढी घातली.

एका दिवसावर थांबले असते तर? थांबले नाही, दुसऱ्या दिवसापासून चमच्याने भरवू लागले. रोज जिंकावंसं वाटायचं. बंदरावर जायच्या आधी पेज करून ठेवायचे, फडताळात डब्यांच्या मागे, कोणाला दिसू नये म्हणून. दुपारपर्यंत ती तशीच त्या उकाड्यात. बर्फाविना मासळी किती वेळ टिकते हे मला विचारायला लोक लांबून येतात. बांगड्याचा डोळा बघून मी माल परत पाठवते. आणि पेजेला आंबूस वास येतोय हे मला कळलं नसेल? एकदा आला होता. मी म्हटलं, गूळ घातलाय, चालेल.

दुसऱ्या सकाळी ओवीला जुलाब सुरू झाले, मग ओकाऱ्या. संध्याकाळपर्यंत टाळू खाली गेली, रडताना डोळ्यांत पाणी येईना. आम्ही रिक्षाने दवाखान्यात नेलं. तिच्या हाताला सलाईन लावायला शीर सापडत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बाहेरचं काही दिलंत का? पाणी, घुटी, काहीही? मयुरी म्हणाली, ‘‘थेंब नाही हो. आईंना विचारा, त्या घरातच असतात.’’

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘‘थेंब नाही.’’

नातीच्या जिवावर बेतलेलं असताना. उपचार करणाऱ्या माणसाला. एवढं सोपं होतं ते.

ओवी वाचली. डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना सांगितलं, अंगावरचं दूध चालू ठेवा, आईच्या दुधाने काही होत नाही. तरीही मयुरी रिक्षात सारखं विचारत होती — मग कशाने झालं? कशाने झालं असेल, आई? तिचं ते विचारणं माझ्या जवळ-जवळ येत चाललं होतं. मी म्हटलं, ‘‘फणस खाल्लास ना तू? डॉक्टरांना काय कळतंय. दूध बाधलं.’’

फणस मीच फोडून दिला होता तिला. दोन गरे खाल्ले होते तिने.

शेजारीपाजारीही मीच सांगत सुटले — फणस खाल्लान नि पोरीला दूध बाधलं. मयुरीने फणस सोडला, आंबा सोडला, मासळी सोडली, डाळ सोडली. मऊ भातावर राहू लागली. ओवी चोखायची आणि ही तिच्या तोंडाकडे बघत बसायची — आता ओकेल, आता ओकेल. एका सकाळी ती मोरीत वाकून दूध पिळून टाकताना मला दिसली. तिने मान वर केली नाही. मी पाणी तापलंय का बघायला निघून गेले. मग दूध आटलं, पावडरचा डबा आला.

सातव्या महिन्यात उष्टावण झालं. संकेत वाटी-चमचा घेऊन आला. चमचा जवळ जायच्या आधीच ओवीने तोंड उघडलं. सगळे हसले, ‘‘बघा, मामाची भाची!’’ म्हणाले. मला वाटलं होतं, त्या क्षणी मी मनातल्या मनात जिंकेन. पण मला खिरीचा वासही सोसेना. नंतर संकेत माझ्या पाया पडला. ‘‘काकी, तुम्ही होतात म्हणून पोर हाती लागली. त्या दिवशी बोललो ते पोटात ठेवू नका.’’ म्हणजे त्याला आठवत होतं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद दिला.

ओवी आता बालवाडीत जाते. मयुरीला पुन्हा दिवस गेलेत, नववा चालू आहे. काल तिने बाजारातून बाटल्या आणि पावडरचा डबा आणून ओट्यावर मांडला. मी म्हटलं, आत्तापासून कशाला? ती म्हणाली, ‘‘ह्या खेपेला अंगावर घेणारच नाय, आई. माझं दूधच वाईट आहे.’’ रडून नाही. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे असं सांगावं, तसं.

कालपासून मी शब्द जुळवतेय. ‘एखाद्या वेळी बोट चाटवलं असेल.’ ‘पेजेमुळेही झालं असेल, कोण जाणे.’ प्रत्येक वाक्यात मी थोडं कमी करून बघते, थोडं फणसाच्या अंगावर ढकलून बघते. सवय.

उद्या ओवी बालवाडीत गेली की मयुरीला समोर बसवणार. मयुरी, तुझ्या दुधात काही वाईट नव्हतं. रोज पेज मी देत होते, त्या दिवशी ती आंबली होती, आणि डॉक्टरांशी मी खोटं बोलले. तुझ्याशीही. एवढंच. संकेतचं नाव काढायचं नाही. रडायचं नाही. ती काय बोलेल ते तिचं आहे. बोलेपर्यंत मी समोर बसून राहीन.