सतराव्या ओळीसमोरचं नाव

मी आयुष्यात सगळ्यात जास्त कोणाचा ऋणी असेन तर मुन्शीजींचा. आईबापांनी मजुरी करून मला शिकवलं, पण कागद वाचायला शिकवलं ते मुन्शीजींनी. माणूस समोर येऊन बसला की ते त्याच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. आधी विचारायचे, "तारीख काय?" समोरच्यानं निवृत्तीची तारीख सांगितली की मगच मान वर करायचे, हसायचे आणि म्हणायचे, "बसा. अजून वेळ हाय."

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची गोष्ट. एका सरकारी खात्याच्या नव्या कचेरीत मी कारकून म्हणून रुजू झालो. भोकरकडच्या आमच्या खेड्यातला, आमच्या बौद्ध वस्तीतला मी पहिला पदवीधर. मुन्शीजी आस्थापनेचे हेडक्लार्क होते. घराणं पिढ्यान्‌पिढ्या लिखापढी करणारं, म्हणून सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत. पहिल्या दिवशी माझं प्रमाणपत्र त्यांनी दोन्ही हातांनी धरून वाचलं आणि म्हणाले, "आमच्या टेबलावर आजवर एक बी बीए आला न्हाई." त्या दिवसापासून मी 'बीए' झालो. डबा खाताना ते माझ्या पानात वाढायचे आणि कोणी बघितलंच तर म्हणायचे, "बीएला मेहनत पडते."

निवृत्त होणाऱ्यांना कर किती लागेल हे बघून देणं त्यांच्या कामात येत नव्हतं. तरी वर्षभर आधीपासून लोक त्यांच्याकडे यायचे. इन्कम टॅक्स या शब्दाचीच धास्ती होती. आमच्या कचेरीतले शिपाई मामा एकदा रडवेले होऊन आले.

"मुन्शीजी, ग्रॅच्युइटीतले निम्मे पैसे टॅक्सवाले नेतेत म्हणं."

"कोण म्हणलं?"

"हाटेलात समदेच म्हणून राहिले."

"हाटेलवाल्याला ग्रॅच्युइटी मिळणार हाय का?" मुन्शीजींनी त्यांना खाली बसवलं. "मामा, ग्रॅच्युइटीवर कर न्हाई. फंडाच्या पैशावर न्हाई. शिल्लक रजेचे मिळतील त्यावर न्हाई. पेन्शनचा तिसरा हिस्सा विकून एकरकमी पैसे घ्याल, त्याच्यावर बी न्हाई. महिन्याची पेन्शन येईल ती तेवढी मोजायची, आणि तुमची पेन्शन बघून टॅक्सवालाच तुम्हाला चहा पाजील." मामा गेल्यावर मला म्हणाले, "सरकारचं सरकारला द्यावं. आपलं आपण ठेवावं. मधलं जे जातं ना बीए, ते फक्त न विचारल्यामुळं जातं."

उदगीरकडचे एक हेडमास्तर निवृत्तीच्या वर्षात पगारवाढीचा मागचा फरक घेऊन बसले होते. सगळी रक्कम एकाच वर्षात धरून त्यांचा कर काढला होता, आणि तो बराच होत होता. गुरुजी दमलेले होते. "कापू द्या हो मुन्शीजी. शेवटच्या वर्षात कटकट नको."

"गुरुजी, पोरानं बेरीज चुकवली तर वर्गात असंच म्हणायचात का? जाऊ दे, कटकट नको?"

मग त्यांनी तीन कोरे ताव एकमेकांना चिकटवले. फरक ज्या ज्या वर्षाचा, त्या त्या वर्षाच्या रकान्यात घातला, आणि त्या वर्षी तो मिळाला असता तर कर किती झाला असता ते काढलं. कायद्यात ही सवलत होतीच, ती मागणारा माणूस तेवढा हवा होता. कर निम्म्याहून खाली आला. गुरुजींनी नमस्कार केला तर म्हणाले, "मला काहून? मी काय खिशातून दिले? तुमचेच हायेत."

स्वतःच्या निवृत्तीचंही त्यांनी असंच मांडून ठेवलं होतं. ती पुढच्या नोव्हेंबरात होती. तिसरा हिस्सा पेन्शन विकायची, आणि ग्रॅच्युइटीत ती रक्कम घालून नांदेडला, बायकोच्या म्हणजे बेगमसाहेबांच्या माहेरच्या मोहल्ल्यात, दोन खोल्या घ्यायच्या. उभा जन्म भाड्याच्या घरात गेला होता. खोल्यांचा इसार देऊन झाला होता. खोलीत खिडकी कुठल्या भिंतीला पाडायची यावरून नवरा-बायकोचा वाद चालायचा आणि तो वाद ते मला रंगवून सांगायचे.

त्याच साली पाऊस दगा देऊन गेला. उन्हाळ्यात कचेरीतला रांजण कोरडा पडला. प्रत्येक जण घरून बाटली आणायचा आणि ती टेबलाच्या खणात ठेवायचा. निम्मी माणसं दुष्काळी कामांवर पाठवली होती. आमच्या टेबलावर मुन्शीजी आणि मी, दोघंच उरलो. मागच्या खोलीत पोती पडलेली होती. जिल्हा वेगळा झाला तेव्हा जुन्या जिल्ह्यातून ट्रकनं आलेली सेवापुस्तकं, म्हणजे एकेकाच्या नोकरीच्या नोंदवह्या, त्यांत होती. ज्यांची नोकरी निजामाच्या अमदानीत लागली, त्यांच्या पुस्तकाचा पहिला भाग उर्दूत आणि पुढचा मराठीत. प्रवासात दोन्ही भागांची ताटातूट झालेली. पहिल्या भागांची कव्हरं फाटून गेलेली, वाळवी लागलेली.

साहेबांनी सांगितलं, जुने भाग लावा, कोणाची जन्मतारीख काय आहे याची यादी करा. मला उर्दू येत नव्हतं. मुन्शीजींनी मला उर्दू आकडे शिकवले आणि फसली सनाचे बारा महिने. आजूर, दै, बहमन, इस्फंदार... पाढ्यासारखे म्हणून घेतले. निजामाचा फसली सन ऑक्टोबरात सुरू व्हायचा. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत जन्म असेल तर सनात पाचशे नव्वद मिळवायचे, पुढच्या महिन्यांत असेल तर पाचशे एक्क्याण्णव. "इथंच लोक घसरले," ते म्हणाले. "एक आकडा जास्त पडला की माणूस कागदावर एक वर्षानं लहान होतो."

नावं वाचणं मला जमेना. घाईघाईत लिहिलेलं जुनं उर्दू, अक्षरात अक्षर अडकलेलं. मुन्शीजी म्हणाले, "नावांच्या फंदात पडू नकोस. पुस्तकाला नंबर टाक, नंबरासमोर तारीख लिही. नावं मी भरतो." मी आठ दिवस बसून बत्तीस पुस्तकांच्या तारखा काढल्या. चूक होऊ नये म्हणून प्रत्येक बेरीज दोनदा केली. एवढा अभिमान मला बीएच्या निकालाचाही वाटला नव्हता.

जूनमधली दुपार होती. पंखा बंद होता. मुन्शीजी एकेक पुस्तक उघडत, नाव वाचत आणि यादीत भरत. सतराव्या पुस्तकाशी थांबले. चष्मा काढला, खणातून बाटली काढून दोन घोट पाणी प्याले.

"ए बीए, ह्याचा महिना काय वाचलास?"

"दै."

"किती मिळवले?"

"पाचशे नव्वद. पहिल्या तिनातला हाय ना."

"पुन्हा बघ."

मी पुस्तक खिडकीपाशी नेलं, बोटानं अक्षर लावून बघितलं. "दैच हाय, मुन्शीजी."

"हाव. बरोबर हाय."

मी बोटांवर अठ्ठावन्न वर्षांचा हिशेब केला आणि मला हसू आलं. "मुन्शीजी, ह्या गड्याची मुदत तर मागच्या नोव्हेंबरातच संपली की. म्हणजे सात महिने फुकटचा पगार खाऊन राहिला!"

मुन्शीजीही हसले. "खाऊन राहिला खरं."

"कोण हाय हा?"

"हाय एक जण. गेलेला हाय, पण त्याला कोणी सांगितलं न्हाई."

त्यांनी चष्मा लावला, सतराव्या ओळीसमोर नाव भरलं आणि अठरावं पुस्तक उघडलं. संध्याकाळपर्यंत बत्तीसही नावं भरली. खाली सही करून यादी स्वतः साहेबांकडे नेली. नाव काय भरलं ते मी बघितलंही नाही. घरी जाताना मी खुशीत होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. यादी टेबलावर होती. साहेब मुन्शीजींना बसा म्हणाले, ते बसले नाहीत. सतराव्या ओळीसमोर मुन्शीजींचं स्वतःचं नाव होतं, त्यांच्याच अक्षरात. मराठी भाग तयार करताना तीस वर्षांपूर्वी कुणीतरी दै महिन्याला पाचशे एक्क्याण्णव मिळवले होते.

साहेब भले होते. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मुन्शीजी, हे पुस्तक पोत्यातच राहिलं असतं तर? वाळवीनं किती पुस्तकं खाल्ली आहेत."

"राहिलं न्हाई ना, साहेब."

"पाच महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"पाच पुढचे. सात मागचे."

त्यांना त्याच दिवशी मोकळं करावं लागलं. निरोपसमारंभ झाला नाही. सात महिन्यांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसाला हार कोणत्या तारखेचा घालायचा हे कोणालाच कळेना. हजेरीपटावरच्या त्यांच्या सात महिन्यांच्या सह्यांना लाल गोल करायचे होते. ते काम माझ्याकडे आलं. मी लाल पेन घेऊन बसलो. मुन्शीजी शेजारी उभे राहून सांगत होते, "एक डिसेंबरपासून घे. रविवार सोड. नीट गोल कर, नंतर कोणी विचारलं तर तुला उत्तर देता आलं पाहिजे."

सात महिन्यांचा पगार ग्रॅच्युइटीतून वळता झाला. पेन्शनचे कागद नव्यानं करायला निघाले, ते अडकत गेले. नांदेडच्या खोल्यांचा व्यवहार मोडला, इसार बुडाला. बेगमसाहेबांच्या भावाच्या घरी एका खोलीत दोघं राहायला गेली. कचेरीत दबक्या आवाजात चर्चा चालायची. एक जण म्हणाला, "दुसऱ्यांच्या तारखा बघणारा माणूस, ह्याला स्वतःची ठाऊक नसंल व्हय?" मी त्याच्याशी भांडलो, पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. आजही गेलेला नाही. ठाऊक असेल तर त्यांनी नाव का भरलं? आणि ठाऊक नसेल तर दोन घोट पाणी पिण्याएवढ्या वेळात त्यांनी ते कसं ठरवलं?

एक गोष्ट मला महिनाभरानं सुचली. वळत्या झालेल्या पगारातले चार महिने मागच्या आर्थिक वर्षातले होते, आणि त्यावरचा इन्कम टॅक्स मार्चमध्येच कापून गेला होता. जो पगार मुन्शीजींनी परत केला, त्याचा कर मात्र त्यांनी भरलेला होता. तो परत मागता आला असता. दिवाळीत मी नांदेडला गेलो आणि हे त्यांना सांगितलं. ते खूश झाले. माझी मांडणी तपासली, एक आकडा दुरुस्त केला. "झकास शिकलास," म्हणाले. आणि कागद माझ्या हातात परत दिला.

"अर्ज करा ना, मुन्शीजी. तुमचेच पैसे हायेत."

"हायेत. पण अर्जात लिहावं लागंल, जादा पगार काहून घेतला."

"लिहू की. चुकीनं."

"कोणाच्या?"

मी कागद खिशात ठेवला. बेगमसाहेबांनी चहा आणून ठेवला. खोलीला खिडकी नव्हती.

कर परत मागायची मुदत मार्चअखेर संपत होती. फेब्रुवारीच्या शेवटी मी पूर्ण अर्ज भरून, सोबत खुलासा लिहून, टपालानं पाठवला. उत्तर आलं नाही. मी नांदेडला पोचलो तेव्हा मुन्शीजींना जाऊन आठ दिवस झाले होते. बेगमसाहेबांनी तो अर्ज मला दाखवला. "रोज निकाल के देखते थे," म्हणाल्या. अर्जावर सही नव्हती. खुलाशात जादा पगार कोणाच्या चुकीमुळे दिला गेला, या प्रश्नापुढची जागा मी कोरी सोडली होती. तिथं त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. वारस म्हणून अर्ज करता येईल असं मी बेगमसाहेबांना समजावलं. त्यांनी कागदाची घडी घातली. "उनो नै करे, मैं कैसा करूं, बेटा?"

त्यानंतर मी बत्तीस वर्षं नोकरी केली आणि शेकडो माणसांना निवृत्तीचे कागद करून दिले. सतरा नंबरची फाइल हातात आली की अजूनही मागे कोणीतरी चष्मा काढून उभं आहे असं वाटतं. मी वळून बघत नाही. अर्जासोबत जे पत्र पाठवलं होतं, त्याची प्रत मी ठेवली आहे. ती अशी:

"आदरणीय मुन्शीजी,

सप्रेम नमस्कार. सोबत अर्ज पूर्ण भरून पाठवत आहे. जिथे फुली केली आहे तिथे फक्त सही करायची आहे. बाकी सगळं मी बघतो. तुम्हाला कोणत्याही कचेरीत उभं राहावं लागणार नाही.

त्या दुपारी मी जे हसून बोललो, ते मला झोपू देत नाही. माफी मागायची म्हटली तर तुम्ही मागू देणार नाही, म्हणून लिहून टाकतो. मला नाव वाचता आलं असतं, तर मी ती यादी तशीच दिली असती का, हेही मला आज सांगता येत नाही. तुम्हाला वाचता आलं आणि तुम्ही दिली. एवढाच आपल्या दोघांतला फरक आहे आणि तो मला पुरता कळला आहे.

कचेरीत लोक काही म्हणतात. तुम्हाला आधी ठाऊक होतं की नव्हतं, हे मी कधीही विचारणार नाही.

खुलाशात एक जागा कोरी आहे. चूक कोणाची, असं तिथे विचारलं आहे. ज्यानं तीस वर्षांपूर्वी बेरीज केली त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, म्हणून तिथे 'माहीत नाही' असं लिहावं. तेच खरं आहे. ते लिहायला जीवावर आलं तर माझं नाव लिहा. माझी नोकरी लांब आहे, मला काही होणार नाही.

पण मुन्शीजी, हात जोडून सांगतो, तिथे तुमचं नाव लिहू नका."