भरीव तोडे

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत वऱ्हाडातले शेतकरी राणीच्या छापाचे रुपये गोणीत घालून अकोल्याला माझ्या दुकानी येत. "आटवा आन् दागिने घडवा," एवढंच म्हणत. एरवी पोकळ वाळ्यांवर भागवणाऱ्यांनाही आता भरीव तोडे हवे असत. चांदीचे ते ढीग पाहून माझी नियत फिरली. उगाच शब्द मऊ कशाला करू? मी चोरी केली.

बार्शीटाकळीकडच्या एका शेतकऱ्याच्या नव्या सुनेचे तोडे मी आतून तांब्याच्या सळईचे केले आणि वरून चांदीचा जाड पत्रा चढवला. त्या घरची रीत अशी, की तोडे सुनेच्या पायात घालून तोंडाशी खिळा ठोकायचा. ते निघायचे ती गेल्यावरच. पोर तरणीताठी. तोवर मी कुठला असायला, असं मी धरून चाललो.

दोन वर्षांनी त्याच सासऱ्याची बैलगाडी भर दुपारी दारात उभी राहिली. सून गरोदर होती. दोन्ही पाय सुजलेले, तोडे मांसात रुतलेले, डाव्या पायाची बोटं निळी पडलेली. खिळा सुजेत बुडाला होता. तोडा मधून कापण्यावाचून इलाज नव्हता.

मी तेल मागितलं, गार पाणी मागितलं, पाय उशीवर उंच ठेवून पाहिला. खरं सांगतो, मी वेळ काढत होतो. पोर ओठ चावून कण्हत होती.

"काहून थांबले, सोनारबुवा?" सासरा म्हणाला. "कापा ना! चांदी गेली त जाऊ द्या."

तोड्याखाली कशीबशी पत्र्याची पातळ पट्टी सरकवून मी कानस धरली. पांढरा कीस पडू लागला. घामानं हात निसटत होता. मग कीस लाल पडला.

पोरीनं घाबरून मान वर केली. "रगत आलं काय जी?"

हो म्हणावं, असं क्षणभर मनात आलं. सांगायलाही लाज वाटते.

"नाही माय," मी म्हणालो. "तांबं हाये."

सासऱ्यानं वाकून तो कीस चिमटीत धरला, बोटांवर चोळला. "आधी पाय मोकळा कर," तो म्हणाला. "मंग तुह्यं पाहतो."

तोडा तुटला. हळूहळू बोटांवर रंग आला. सासरा बाहेर गेला आणि पेठेतल्या चार सराफांना बोलावून घेऊन आला. ते माझ्याभोवती उभे राहिले, तेव्हा पोरीनं दुसरा पाय पुढे केला.