निनियन हॅडोची न आलेली टोपी

निनियन हॅडो आमच्या भिंतीपलीकडे राहतो. ऑकेनशॉच्या खाणकामगारांच्या रांगेत भिंती इतक्या पातळ, की त्याच्या घरी चमचा पडला तर माझा नवरा इकडून "उचला" म्हणतो. तेव्हा मी सांगते ते ऐकीव नाही, कानांनी ऐकलेलं आहे.

चौदाव्या वर्षी तो खाणीत उतरला. त्यात काही विशेष नाही, सगळेच उतरतात. विशेष होता तो त्याचा डावा पाय. विसाव्या वर्षी एका मोठ्या फुटबॉल क्लबाने त्याला चाचणीला बोलावलं. चाचणीला आलेल्याचं नाव पेपरात छापत नाहीत, नुसतं 'नवखा' लिहितात. त्या शनिवारी नवख्याने दोन गोल मारले. त्याच्या बापाने तो पेपर सहा महिने खिशात बाळगला आणि ज्याला त्याला दाखवला, "हा नवखा म्हणजे आमचा."

क्लबाने त्याला ठेवून घेतलं. आठवडाभर खाण, शनिवारी मैदानाची डावी कड. सामना झाला की क्लबात गरम पाण्याची आंघोळ, तीही पाठीसकट. आमच्या रांगेत पुरुष पाठ धूत नाहीत, कणा कमजोर होतो म्हणून. म्हातारे म्हणाले, "पाठ धुतोय, दोन हंगाम टिकायचा नाही." तो अकरा टिकला. म्हाताऱ्यांनी अजून शब्द मागे घेतलेला नाही.

एकोणतीस सालच्या उन्हाळ्यात देशाचा संघ समुद्रापलीकडे तीन सामने खेळायला निघाला. निनियनला राखीव म्हणून नेलं. दुसऱ्या सामन्याच्या सकाळी डावीकडच्या गड्याचं पोट बिघडलं आणि निनियन उतरला. त्याच्या पासवर एक गोलही झाला. परत आल्यावर त्याने हे बायकोला, फेमीला, सांगितलं. फेमीने मला सांगितलं. मला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

देशासाठी खेळणाऱ्याला गोंड्याची मखमली टोपी मिळते. आमच्या गावात ती कधी आली नव्हती. कामगारांच्या सभागृहाच्या कमिटीने ताबडतोब ठराव केला, सुताराने ओकच्या लाकडाची काचेची पेटी केली, वर निनियनच्या नावाची पितळी पट्टी ठोकली. पेटी पंधरा दिवसांत तयार. टोपी काही येईना.

नाताळ उलटला, तेव्हा मुंगो केर्न्स बोलला. मुंगो कमिटीचा चेअरमन. खाणीवर कामगारांच्या वतीने कोळशाचं वजन तपासतो, आणि काट्यावर चढल्याशिवाय त्याला देवसुद्धा पटत नाही. "पेपरात त्या पोटदुख्याचं नाव आहे," तो म्हणाला. "हॅडोचं नाही. टोपीही नाही. मग खेळलं कोण?"

"पेपरवाल्यांनी आदल्या दिवशीची यादी छापली," निनियन म्हणाला.

"असेल, असेल. पेपर खोटा, टपाल खोटं, तू तेवढा खरा."

झालं. धुणीघरात बायका फेमीला विचारायला लागल्या, "काय गं, त्याने वाहिलेल्या संघाच्या बॅगा फार जड होत्या का?" फेमी चादर अशी पिळायची की मला चादरीची दया यायची. निनियनने सभागृहात जाणं सोडलं. शनिवारी हजारो लोक त्याच्या नावाने ओरडायचे आणि सोमवारी खाणीत उतरणाऱ्या पाळण्यात शेजारचा माणूस गालात हसायचा. त्याला टोपी नको होती. गावाने 'हो, खेळलास' म्हणावं, एवढंच हवं होतं.

शेवटी फेमीने त्याला फुटबॉल संघटनेला पत्र लिहायला लावलं. उत्तर आलं: टोपी फक्त इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडविरुद्ध खेळणाऱ्यांना, परदेश दौऱ्याला नाही. म्हणजे शेजाऱ्याशी भांडलात तर टोपी, परक्याशी भांडलात तर नुसता रामराम! पत्र मुंगोने दोनदा वाचलं.

"दौऱ्याला टोपी नाही, हे कळलं," तो म्हणाला. "पण तू खेळलास असं यात कुठंय?"

मग मार्चमध्ये निनियनच्या नावाचं एक पुडकं आलं. फेमी घरी नव्हती, म्हणून पोस्टमनने माझ्याकडे दिलं. मी ते उघडलं नाही. बांधणीच सैल होती. आत टोपी! निळी मखमल, चंदेरी गोंडा. दौऱ्यावरच्या गोलकीपरने पाठवलेली, सोबत चिठ्ठी: "माझ्याकडे पाच आहेत. ही तुझी."

संध्याकाळी मी ती नेऊन दिली आणि म्हटलं, "लेका, ठेव पेटीत आणि गप्प बस."

"नॅनबाई, याच्यावर साल विणलंय. सत्तावीस."

"मग भिंतीकडे तोंड करून ठेव."

"ही त्याची आहे."

"मग त्यालाच बोलाव साक्षीला. एका चहावर येईल."

निनियनने टोपी चिठ्ठीसकट परत पुडक्यात गुंडाळली. "माझ्याच गावात माझा शब्द खरा करायला ग्लासगोहून माणूस आणू?" फेमी चुलीपाशी उभी होती. तिचा हात एकदा त्या गोंड्याकडे गेला आणि परत आला. दुसऱ्या दिवशी पुडकं टपालात पडलं. कोणाला सांगू नका, असं त्याने मला बजावलं. मी चार दिवस पाळलं.

पाचव्या दिवशी मुंगोला कळलं आणि त्याने कमिटीची सभा बोलावली. आमच्या गावात सगळं हात वर करून ठरतं, संप असो की बिलियर्डच्या टेबलाचं कापड. सुताराने ठराव मांडला: "हॅडो खेळला, असं या सभेचं मत आहे." निनियन कमिटीचा सभासद, त्याला यावंच लागलं. मी मागच्या खोलीत कप विसळत होते. पाणी बंद ठेवून.

"आपल्याच बाबतीत हात वर करायचा नसतो," मुंगोने त्याला नियम सांगितला.

"माहितीये," निनियन म्हणाला. त्याचे दोन्ही हात मांड्यांखाली होते.

"पुरावा अजून तेवढाच आहे ना?" मागून कोणीतरी ओरडलं.

"तेवढाच आहे," मुंगो म्हणाला. "पण लबाड माणूस घरी चालत आलेली टोपी परत धाडत नाही." आणि त्याने स्वतःचा हात वर केला. मग बाकीचे हात मोजले, सवयीने दोनदा मोजले. बाजूने सात, विरुद्ध चार. ठराव वहीत लिहिला. पेटीत काय ठेवायचं ते पुढच्या सभेवर ढकललं.

मी निनियनच्या आधी घरी पोचले, पण आयुष्यात एकदाच तोंड मिटून दारात उभी राहिले. फेमी तिच्या दारात होती.

"काय ठरलं?" तिने विचारलं.

"तीन मतांनी खेळलो," तो म्हणाला आणि पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.