दारातली बाई

निवृत्त झाल्यापासून आमचे हे स्वतःचीच चित्रं काढतात. शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हा गोदाघाट, देवळं, द्राक्षांचे मांडव रंगवायचे. आता मागच्या खोलीत कपाटाच्या आरशासमोर खुर्ची टाकतात आणि पिकलेल्या भुवया, लोंबलेली हनुवटी जशीच्या तशी काढतात. म्हातारपणाची हौस, म्हणून दारातून चहा देण्यापलीकडे मी लक्ष देत नसे.

मग त्या चित्रांत एक बाई यायला लागली. यांच्या खांद्यामागे, दारात, बोटभर उंचीची. चेहरा म्हणजे चार फटकारे. विचारलं तर म्हणाले, "ती नसली की चित्र रिकामं वाटतं."

तिच्या नाकातली चमकी मात्र ठसठशीत होती, आणि ती उजवीकडे. मी डावीकडे घालते. आमच्या सोसायटीत उजवीकडे घालणाऱ्या एकच, तिसऱ्या मजल्यावरच्या तमिळ बाई. त्यांच्या इडल्या हे मिटक्या मारत खातात. माझं डोकंच फिरलं. त्यांचा डबा मी धुऊन रिकामाच परत पाठवला. रिकामं भांडं परत करू नये हे मला कळत नाही असं नाही.

सत्तरीच्या माणसावर पाळत ठेवायची लाज वाटत होती. तरी चहाचं निमित्त करून मी वरचेवर त्या दारात उभी राहायचे. इकडे चित्रागणिक बाईच्या कपाळावरच्या आठ्या वाढत चालल्या, तोंड वाकडं होत चाललं. काय खाष्ट बाई निवडलीय, असं मनात यायचं.

एका दुपारी मागे न बघताच हे म्हणाले, "जरा हलू नकोस."

"कोण, मी?"

"मग कोण? चमकी राहिलीय अजून."

मी समोर पाहिलं. आरशात हे होते, आणि यांच्या खांद्यामागे दारात कप घेतलेली मी. चमकी उजवीकडे.

जीव भांड्यात पडला, खोटं कशाला बोलू! पण दुसऱ्याच क्षणी आरशातला माझा चेहरा दिसला.

"अहो, मी अशी दिसते?"

"हल्ली रोजच." ब्रश पुसत हे हळूच म्हणाले, "मला वाटलं, मी सारखा घरात असतो, त्याचा तुला कंटाळा आलाय."

कप खिडकीत ठेवून मी आत गेले आणि यांच्याजवळ बसले.