सुदर्शनाचा कांदा

"सावली गावात सुदर्शन पहिल्यांदा लावला तो माझ्या वडिलांनी," असे शेजारच्या गुलाबरावाचे चिरंजीव परवा चारचौघांत म्हणाले. ज्यांना माना हलवण्याची सवय आहे, त्यांनी त्या हलवल्या. मी हलवली नाही. आज सायंकाळी माझ्या अंगणातल्या सुदर्शनाची मोठी पांढरी फुले उमलली आणि त्यांच्या जड, गोड वासासरशी ती जुनी सकाळ जशीच्या तशी समोर आली.

माझी पत्नी सिरोंच्याच्या माहेराहून ते कंद लुगड्याच्या ओच्यात घेऊन आली होती. न्हाणीच्या सांडपाण्याकाठी ती आळे करीत होती आणि कंदाची मान मातीबाहेर राहिली पाहिजे, असे मला बजावत होती. उरलेले कंद तिने कुंपणाच्या दगडावर मांडले होते. तुळस आणि तण यांतला भेद ज्याला आयुष्यभर उमगला नाही, तो गुलाबराव पलीकडून ओरडला, "काऊन वो वैनी, माहेरी सोनं नाई भेटलं? कांदेच देल्ले का?"

"कांदे नाई भाऊ, फुलझाड हाय ते."

"आमाले नोका शिकवू!"

तेव्हा मला त्याचा राग आला होता. आज त्याची तेवढीही योग्यता वाटत नाही. पत्नी आता नाही, पण तिचे श्रेय मी कोणाच्या वडिलांच्या नावे जाऊ देणार नाही. वाद एकाच गोष्टीने मिटतो. त्या दुपारी दगडावरचे दोन कंद नाहीसे झाले, आणि सुदर्शनाच्या या आद्य माळ्याने ते वांग्याच्या भाजीत चिरून खाल्ले व दिवस मावळेपर्यंत परसात ओकत बसला.